अळीला सातबारा नसतो! जनुक बदललेली कीड रानात सोडायची तर परवानगी कोणाची?

चंद्रपूर/गडचिरोली : पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली की वरोरा, भद्रावती, राजुरा, कोरपना भागातला शेतकरी पंप पाठीवर घेतो. धानावर तुडतुडे, खोडकिडा नाहीतर गादमाशी आली की मूल, सिंदेवाही, आरमोरी, चामोर्शीतही तेच. आपल्याला किडीवर एकच मोठा इलाज माहीत आहे, तो म्हणजे फवारा. पण जगातल्या काही प्रयोगशाळांत वेगळाच विचार चालू आहे. किडीला मारत बसण्यापेक्षा किडीचं बेणंच बदलून टाकायचं. म्हणजे जनुक बदललेले पतंग, माश्या किंवा डास मोकळे सोडायचे. ते रानातल्या किडीशी जोडी करतील आणि पुढची पिढी एकतर जगणार नाही, नाहीतर नुकसान करण्याच्या लायकीची राहणार नाही.

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करू. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत अशी कोणतीही कीड सोडलेली नाही. जनुक बदललेली पिकावरची कीड मोकळ्या शेतात सोडायला भारतात आजवर परवानगी मिळालेली नाही. त्यामुळे मोबाइलवर कोणी 'सरकारनं अळी सोडली' असं पाठवलं तर पुढे ढकलू नका.

मग आताच हा विषय कशाला? कारण बीटी कापूस २००२ मध्ये आला आणि गावागावांत त्यावर खरी चर्चा झाली ती २०१७ मध्ये, बोंडं किडल्यावर. बियाण्याच्या बाबतीत पंधरा वर्षं उशीर एकवेळ परवडला, कारण पाकीट घ्यायचं की नाही हे शेवटी आपल्या हातात होतं. उडणाऱ्या पतंगाच्या बाबतीत तसं नाही.

तीन पद्धती, तीन वेगळ्या गोष्टी

बोलताना सगळं एकाच टोपल्यात टाकलं जातं. खरं तर पद्धती तीन आहेत आणि त्यांचा धोका सारखा नाही.

पहिली पद्धत वांझ पतंगांची. यात जनुक बदलत नाहीत. कारखान्यात कीड वाढवायची, तिला किरणोत्सर्ग द्यायचा आणि वांझ झालेले पतंग सोडायचे. रानातल्या मादीनं वांझ नराशी जोडी केली की तिची अंडी फुकट जातात. सोडणं बंद केलं की परिणामही बंद.

दुसरी पद्धत जनुक बदललेल्या, पण आपोआप संपणाऱ्या किडीची. ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीचं काम यात नावाजलेलं आहे. नरामध्ये असं जनुक घालतात की त्याची पिल्लं, किंवा निदान मादी पिल्लं, मोठी होण्याआधीच मरतात. हे जनुक रानात काही पिढ्या टिकतं आणि कमी होत जातं. परिणाम टिकवायचा असेल तर पुन्हा पुन्हा नर सोडावे लागतात.

तिसरी पद्धत जीन ड्राइव्हची. सगळ्यात जास्त वाद हिच्यावर आहे. एरवी पिल्लाला अर्धे गुण आईकडून आणि अर्धे बापाकडून मिळतात. बदललेल्या जनुकाची एक प्रत असलेल्या नरानं साध्या मादीशी जोडी केली तर शंभर पिल्लांतल्या साधारण पन्नासांत तो बदल जाईल. जीन ड्राइव्हमध्ये ते जनुक स्वतःची नक्कल जोडीदाराकडून आलेल्या भागातही करून घेतं. त्यामुळे शंभरातल्या जवळपास सगळ्या पिल्लांत ते जातं, त्यांच्या पिल्लांतही जातं. गुलाबी बोंडअळीच्या एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात. म्हणजे अशी कीड थोडी सोडली तरी काही वर्षांत ते जनुक सगळीकडे पसरू शकतं. पुन्हा सोडायची गरज नाही, आणि थांबवायचं म्हटलं तर सोपा उपायही नाही.

आरमोरीकडच्या कोसा पाळणाऱ्यांना हे लवकर समजेल. येन-अर्जुनाच्या झाडावर अळ्या सोडण्याआधी मादी पतंग सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात, कारण पेब्रिन रोग आईकडून अंड्यात उतरतो. एक रोगी मादी सुटली की तिचा सगळा घाणा रोगी निघतो. पिढीतून पिढीत काय उतरतं यावर सगळं पीक अवलंबून असतं, हे ढीवर समाजाला कोणी शिकवायला नको. कोसाच्या बाबतीत मात्र रोगी अंडी जाळून टाकता येतात. रानात पसरलेलं जनुक गोळा करून जाळता येत नाही.

जीन ड्राइव्ह आजवर प्रयोगशाळेच्या बाहेर सोडलेलं नाही. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजनं २०१८ मध्ये पिंजऱ्यातल्या मलेरियाच्या डासांवर प्रयोग केला, तेव्हा ७ ते ११ पिढ्यांत डासांची पूर्ण संख्या संपली. पिकाच्या किडींमध्ये चेरीवर पडणाऱ्या फळमाशीवर कॅलिफोर्नियात प्रयोगशाळेत काम झालं आहे.

अमेरिकेनं बोंडअळी संपवली, मग आपण का नाही?

हा प्रश्न कापूसवाला शेतकरी विचारणारच. अमेरिकेच्या कृषी खात्यानं २०१८ मध्ये जाहीर केलं की त्यांच्या कापसातली गुलाबी बोंडअळी संपली. अरिझोनात विमानांतून अब्जावधी वांझ पतंग सोडले होते. ते किरणोत्सर्गानं वांझ केलेले होते. ओळखू यावेत म्हणून पोळ्यातलं, म्हणजे समुद्रातल्या प्रवाळातलं लाल चमकणारं जनुक घातलेल्या पतंगांचीही २००६ ते २००८ दरम्यान तिथे शेतात चाचणी झाली, पण यश मिळालं ते मुख्यतः साध्या वांझ पतंगांमुळे आणि त्यांच्यासोबतच्या बीटी कापसामुळे.

इथे दोन गोष्टी नीट पाहायला पाहिजेत. एक म्हणजे तिथल्या शेतकऱ्यांनी आधी बरीच वर्षं बीटीच्या बाजूला साधा कापूस लावला, म्हणून तिथली अळी बीटीला सरावली नाही. आपल्याकडे ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणं मिळायचं. ते धुऱ्यानं लावायचं असतं आणि का लावायचं असतं, हे बहुतेकांना कोणी समजावून सांगितलंच नाही. पुडी बाजूला पडली. २०१० च्या आसपास गुजरातमधली अळी पहिल्या बीटीला पचवू लागली, पुढे बोलगार्ड-२ लाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. अरिझोनाच्या कापूस उत्पादकांनी ही मोहीम मतदान करून स्वीकारली होती. पतंग सोडण्याआधी शेतकऱ्याला विचारलं होतं.

आणखी एक फरक आहे. अमेरिकेत ही अळी १९१७ मध्ये बाहेरून आलेली पाहुणी होती. आपल्याकडे ती जुनी रहिवासी आहे. तिची पहिली शास्त्रीय नोंद १८४० च्या दशकात गुजरातच्या भरूचमधल्या कापसावरून झाली. पाहुणीला बाहेर काढणं आणि इथल्याच किडीला मुळापासून संपवणं, या दोन गोष्टी एक मानता येत नाहीत.

आपल्या राज्यात काय झालं? जालना आणि त्याआधी सोनीपत

महाराष्ट्रातलं सगळ्यात जवळचं उदाहरण जालन्याचं आहे. ऑक्सिटेक आणि जालन्याच्या जीबीआयटी कंपनीनं जानेवारी २०१७ मध्ये दावलवाडी इथे जनुक बदललेल्या डासांची चाचणी सुरू केली. डेंग्यू, चिकुनगुनिया पसरवणारा हा एडिस डास. चाचणी पिंजऱ्यातली होती, डास गावात मोकळे सोडले नव्हते. पिकाची कीड नाही, पण तंत्र तेच.

त्याच्या चाळीस वर्षांआधीचा एक धडा आहे. १९७० च्या दशकात जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद मिळून दिल्लीत डासांवर जनुकीय नियंत्रणाचं काम करत होते. पैसा अमेरिकेचा होता. हरियाणातल्या सोनीपतमध्ये डास सोडायची तयारी झाली. तेवढ्यात वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. पीतज्वर पसरवू शकणारा डासच का निवडला, माहिती जाते कुठे, जैविक युद्धाचा तर डाव नाही ना, असे प्रश्न उठले. संसदेच्या लोकलेखा समितीनं ताशेरे ओढले आणि १९७५ मध्ये काम गुंडाळावं लागलं. शास्त्रज्ञांचा हेतू चांगला असेलही. पण लोकांना आधी विश्वासात घेतलं नाही, म्हणून चांगल्या-वाईटाचा निवाडाच झाला नाही. नुकसान दोघांचं झालं.

धोके कोणते?

१) जागा रिकामी राहत नाही. बीटीमुळे हिरवी बोंडअळी कमी झाली, फवारेही काही वर्षं कमी झाले. मग तुडतुडे, फुलकिडे, पांढरी माशी आणि पिठ्या ढेकूण यांनी डोकं वर काढलं. एक कीड गेली म्हणजे वावर मोकळं झालं असं होत नाही.

२) कीड शिकते. बीटीला सरावली तशी ती जीन ड्राइव्हलाही सरावू शकते. जनुकात थोडा फरक झालेली कीड वाचते आणि तिचीच वंशावळ वाढते. हे प्रयोगशाळेतही दिसलं आहे.

३) परत बोलावता येत नाही. औषध पटलं नाही तर पुढच्या वेळी दुसरं घेता येतं. बियाणं पटलं नाही तर बदलता येतं. पतंग वर्धा, पैनगंगा, प्राणहिता ओलांडून तेलंगणात जाईल. उडून गेला नाही तर जिनिंगला जाणाऱ्या कापसाच्या गाडीतून, सरकीतून जाईल. राजुऱ्यात सोडलेला निर्णय आदिलाबाद, आसिफाबादलाही लागू होतो आणि तिकडचा इकडे.

४) मोजमापावरच वाद होतो. ब्राझीलच्या जाकोबिना गावात सोडलेल्या ऑक्सिटेकच्या डासांचे जनुकीय अंश स्थानिक डासांत उतरल्याचं २०१९ मध्ये एका शोधनिबंधात आलं. कंपनीनं आक्षेप घेतला, आणि पुढे त्याच नियतकालिकानं निबंधातल्या काही विधानांबद्दल सावधगिरीची सूचना छापली. शास्त्रज्ञांत असा वाद झाला तर गावानं कोणाचं ऐकायचं, हे आधी ठरलेलं बरं.

५) खाणाऱ्याचं काय? जंगलाला लागून असलेल्या आपल्या वावरात अळ्या, पतंग खाणारे पक्षी, वटवाघळं, कोळी, मुंगळे आहेत. एका किडीवरच जगणारे थोडे, पण एका झटक्यात सगळी कीड गेली तर कोणाच्या ताटातलं गेलं हे आधी मोजलं पाहिजे.

६) मालकी कोणाची? किडीवर पेटंट असतं. सेंद्रिय माल विकणाऱ्याच्या शेतात ती आपोआप आली तर प्रमाणपत्राचं काय? न्यूयॉर्क राज्यात २०१७ मध्ये कोबीवरच्या जनुक बदललेल्या पतंगाची चाचणी झाली, तेव्हा तिथल्या सेंद्रिय शेतकऱ्यांनी हाच मुद्दा काढला होता.

एक भीती मात्र बिनबुडाची आहे. बोंडअळीचं जनुक कोसाच्या पतंगात जाईल असं कोणी म्हटलं तर ते खरं नाही. दोन्ही पतंगच असले तरी जात, कूळ वेगळं आहे, त्यांची जोडी होत नाही. माणसाला कीड चावून जनुक लागत नाही. खोट्या भीतीमुळे खरे प्रश्न मागे पडतात.

'नको' म्हणण्यालाही किंमत आहे

इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यात बरेचसे दुसऱ्याच्या वावरात रोजीनं फवारायला गेलेले. एका किडीपुरतं काम करणारं, फवारा कमी करणारं तंत्र सुरक्षित निघालं तर त्याचा पहिला फायदा या मजुराला आहे. त्याला आपण सरसकट 'निसर्गाशी खेळू नका' एवढंच ऐकवून चालणार नाही.

गडचिरोलीत तर प्रश्न आणखी जवळचा आहे. राज्यातले हिवतापाचे बरेचसे रुग्ण याच जिल्ह्यात असतात. भामरागड, एटापल्ली, धानोरा भागात ताप अंगावर काढून लेकरं गेलेली घरं आहेत. बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूट फॉर जेनेटिक्स अँड सोसायटीनं मलेरियाच्या डासांवरच्या जीन ड्राइव्हचा विषय हाती घेतलेला आहे. उद्या हे तंत्र भारतात आलं तर पिकाच्या किडीच्या आधी डासाच्या रूपानं येण्याची शक्यता जास्त, आणि हिवताप जिथे जास्त तिथलाच विचार आधी होणार.

आफ्रिकेतही हाच पेच आहे. बुर्किना फासो देशातल्या बाना गावात २०१९ मध्ये जनुक बदललेले वांझ नर डास सोडले गेले. ते जीन ड्राइव्हचे नव्हते. गावात अनेक वर्षं बैठका घेऊन मग सोडले. तरीही २०२५ मध्ये तिथल्या सरकारनं तो प्रकल्प थांबवला. गाव 'हो' म्हणालं आणि देश 'नाही'. उलटंही होऊ शकतं.

मग परवानगी कोणाची?

आजच्या कायद्यात निर्णय दिल्लीत होतो. पर्यावरण संरक्षण कायदा १९८६ आणि त्याखालचे १९८९ चे नियम यानुसार पर्यावरण मंत्रालयाची जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समिती, म्हणजे जीईएसी, ठरवते. जनुक बदललेल्या पिकाच्या शेतातल्या चाचणीला राज्याचं ना-हरकत पत्र लागत आलं आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागानं २०२३ मध्ये जनुक बदललेल्या कीटकांसाठी वेगळ्या मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रयोगशाळेतून टप्प्याटप्प्यानं कसं जायचं ते त्यात आहे.

जागतिक पातळीवर, २०१८ मध्ये इजिप्तच्या शर्म अल-शेख इथे जैवविविधता कराराच्या देशांनी ठरवलं की जीन ड्राइव्हच्या बाबतीत सावधगिरी बाळगायची, आणि ज्यांच्या जागेवर परिणाम होऊ शकतो त्या आदिवासी व स्थानिक लोकांची पूर्वसंमती जिथे लागू असेल तिथे घ्यायची. भारत या करारात आहे.

आता हे आपल्या जमिनीवर उतरवून पाहा. गडचिरोलीचा मोठा भाग आणि राजुरा-जिवती पट्ट्यातली बरीच गावं पेसा क्षेत्रात आहेत. बांबू, तेंदूचा निर्णय ग्रामसभा घेते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून देशाला वाट दाखवली. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथलीच. पण पेसात बांबू आहे, तेंदू आहे, पतंगाचं नाव नाही. आणि एका ग्रामसभेनं 'नाही' म्हटलं तरी शेजारच्या गावातला पतंग धुऱ्यावर थांबणार नाही.

नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८३ मध्ये आपल्या बांधीत वेगळ्या लोंब्या हेरल्या आणि त्यातून एचएमटी धान घडवला. तो हातोहात गावोगाव गेला. ज्याला हवा त्यानं नेला, ज्याला नको त्यानं दुसरा पेरला. बियाणं पसरण्याची ही जुनी रीत आहे, प्रत्येक घरी जाऊन विचारल्यासारखी. जनुक बदललेली कीड तशी विचारत येणार नाही. म्हणून विचारणं माणसांनीच आधी करायला हवं.

यासाठी मेंढ्याची दुसरी पद्धत कामाची आहे. तिथे आधी अभ्यास गट बसतो, विषय समजून घेतो, आणि मग ग्रामसभेत सगळ्यांच्या सहमतीनं निर्णय होतो. कीड सोडण्याचा विषय आला तर एका गावापुरतं नाही, नदीच्या दोन्ही काठांच्या गावांनी मिळून असा अभ्यास करावा लागेल. तेलंगणा, छत्तीसगडच्या गावांनाही सोबत घ्यावं लागेल. दोन तासांच्या सभेत, चहा-नाश्ता देऊन, अंगठे-सह्या घेण्याला संमती म्हणत नाहीत.

कोणी आलंच तर हे प्रश्न विचारा

• तीनपैकी पद्धत कोणती? सोडणं थांबवलं की परिणाम थांबतो का?
• किती लांब पसरेल? शेजारच्या तालुक्याला, राज्याला विचारलं का?
• बिघडलं तर थांबवायचा उपाय तयार आहे का, आणि तो कुठे करून पाहिला?
• नुकसानभरपाई कोण देणार? लेखी आहे का?
• कीड कमी झाली का, हे मोजणारा माणूस कंपनीचा की बाहेरचा?
• माहिती मराठीत, गोंडीत, माडियात दिली का?
• 'नाही' म्हणायचा हक्क खरंच आहे, की फक्त कळवायला आलात?

आतापुरतं काय करायचं?

वरचं तंत्र आलं-नाही आलं तरी बोंडअळी या वर्षीही येणार. मान्सूनपूर्व पेरणी टाळा. कामगंध सापळे हेक्टरी ५ लावा. सलग ३ रात्री सापळ्यात ८ किंवा जास्त पतंग सापडले तर उपाय सुरू करा. डोमकळ्या दिसताच तोडून नष्ट करा. सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्क आणि ट्रायकोकार्ड वापरा. फरदड ठेवू नका, डिसेंबर-जानेवारीत पऱ्हाटी काढून टाका. फवारताना हातमोजे, मास्क घाला, वाऱ्याच्या उलट दिशेनं फवारू नका, आणि रोजीनं फवारणाऱ्यालाही ही साधनं मालकानंच द्या.

यातलं एकही काम एकट्यानं करून फळ देत नाही. शेजाऱ्यानं फरदड ठेवली तर आपले सापळे भरतातच. साध्या अळीच्या बाबतीत आपल्याला एकत्र बसता येत नसेल तर जनुक बदललेल्या अळीवर आपलं मत कोणी कशाला विचारेल? २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बोंडअळीचा विषय घ्या, सोबत हे प्रश्नही वाचून दाखवा. ठराव पुस्तकात उतरवून घ्या.